तुम्ही नेमकं काय लिहिता?

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. बँकेतून रिटायर झालेत, वाचनाची प्रचंड आवड. मला थांबवून म्हणाले, "तुमची ती इन्स्पेक्टरवाली कादंबरी वाचली बरं का. एका बैठकीत संपवली. शेवट तर भन्नाट!"

मी खूश. विचारलं, "कुठून घेतलीत काका?"

"घेतली कुठे, आमच्या वाचनवेड्यांच्या ग्रुपवर पीडीएफ आली होती. मी पुढे अजून तीन ग्रुपवर टाकली. तुमची प्रसिद्धी व्हायला पाहिजे ना!"

काका मनापासून बोलत होते, त्यात खोट नव्हती. राग कुणावर काढायचा हेच कळेना. हेच काका २०२५च्या ८ जुलैला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला तेव्हा दुखरे गुडघे घेऊन चालले होते. मीही होते. त्या दिवशी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्याबद्दल मला आजही काही वावगं वाटत नाही. पण जिन्यातून वर येताना डोक्यात एक हिशेब सुरू झाला, तो आठवडाभर थांबला नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी भाईंदर पूर्वेला, खारीत राहते. दिवसा अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. नऊ वर्षांत सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि सहाही स्वतः छापल्या. दोन पोलीसतपासाच्या, एक भुताची, एक कॉलेजातल्या प्रेमाची, एक वसईच्या मोहिमेच्या काळातली आणि एक आमच्या इथल्या मिठागरांवरची. बरंचसं लिखाण भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मोबाईलवर अंगठ्याने झालंय. प्रकाशक म्हणून नाव माझं, पत्ता माझ्याच वन बीएचकेचा, गोदाम म्हणजे दिवाणाखालचा कप्पा.

या नऊ वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "तुम्ही नेमकं काय लिहिता?" कादंबऱ्या लिहिते हे उत्तर चालत नाही. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत देताना समजावलं होतं, "मॅडम, आधी एक ओळख बनवा. रहस्य तर रहस्य. आज भूत, उद्या पेशवे, असं केलं तर वाचक गोंधळतो." एका ग्रंथपालांनी पुस्तकं हातात घेऊन विचारलं, "ताई, ही कुठल्या कपाटात लावू?" मी म्हटलं, चार कपाटांत लावा. ते हसले. पुस्तकं बहुतेक अजून टेबलावरच असतील.

आता हे बघा. मराठीत अनेक प्रकारची कादंबरी लिहिणारा माणूस ही काही मी काढलेली टूम नाही. उलट मराठी माणसाला कादंबरीची चटक लावली ती असल्याच लोकांनी.

नाथमाधव घ्या. मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२चा. तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडले आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. त्यानंतर बिछान्यात पडून या माणसाने काय काय लिहावं? 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरी, तीही तीन भागांत. शिवकाळावरची स्वराज्याची अख्खी मालिका. 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य कथा. 'सोनेरी टोळी'सारखा गुप्त मंडळ्यांचा खेळ. १९२८ साली गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांना कुणी विचारलं असेल का, नेमकं काय लिहिता म्हणून?

त्याच्याही आधी हरि नारायण आपटे. १८९० साली त्यांनी स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. सामाजिकही आणि ऐतिहासिकही. साप्ताहिकाचं नाव बघा, करमणूक! आज राज्य शासनाचा कादंबरीचा वाङ्मय पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो, आणि एखादी कादंबरी 'करमणूकप्रधान' आहे असं म्हटलं की ती यादीतून बाहेर जाणार हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि आमचा शेजारी. इथून विरार चौथं स्टेशन, तिथून पुढे एसटीने अर्नाळा. चंद्रकांत सखाराम चव्हाण या माणसाने त्या गावाचं नाव घेतलं आणि बाबुराव अर्नाळकर झाला. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवता चालवता हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गिनेस बुकात नोंद झाली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला घरातल्या माणसांसारखी होती. माझे आजोबा सातवी शिकलेले. गिरणीत होते. खानोलीच्या बाजूला बसून पुस्तक वाचायचे आणि पान दुमडून ठेवलं म्हणून आजी ओरडायची, कारण पुस्तक लायब्ररीचं, भाडं रोजचं. अर्नाळकर १९९६ साली गेले. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा पार केला.

नारायण धारप आपल्याला भयकथाकार म्हणून माहीत, पण विज्ञानकथेतही त्यांचा हात तेवढाच चालायचा. २०१८ साली 'तुंबाड' आला तेव्हा दिग्दर्शकाने धारपांच्या कथेचं ऋण मोकळेपणाने सांगितलं आणि मग आपल्याला धारप आठवले. सुहास शिरवळकरांनी एकीकडे मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे वेगवेगळ्या धाटणीचे नायक उभे केले आणि दुसरीकडे 'दुनियादारी' लिहिली. 'दुनियादारी'वर सिनेमा आला २०१३ साली. लेखक २००३ सालीच गेले होते.

लोकप्रिय लिहिणाऱ्याच्या पाठीशी सहसा कुणी उभं राहत नाही, हेही जुनंच आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ साली कोर्टाने त्यांना सोडलं. सात वर्षं.

मी यांच्या फोटोला हार घालायला बसलेली नाही. अर्नाळकरांच्या पाच-सहा कथा लागोपाठ वाचल्या की साचा दिसायला लागतो. धारपांची 'लुचाई' वाचून स्टीफन किंग वाचला की आपण आधी कुठे होतो ते कळतं. आणि या सगळ्या जुन्या पुस्तकांमधल्या बायका! एक तर पळवून नेण्यासाठी, नाही तर शेवटी खुनी निघण्यासाठी. माझी इन्स्पेक्टर बाई आहे, त्याचं मूळ या चिडचिडीत आहे. पण चिडायला आधी वाचावं लागतं, आणि मी ते सगळं वाचलं, कारण ते घरात आलं होतं. गिरणीतल्या माणसाच्या घरात आलं होतं, हे महत्त्वाचं.

ते घरात आलं कसं? त्यामागे एक साधी व्यवस्था होती. गल्लोगल्ली भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या. स्वस्त कागद, छोटा आकार. लेखकाला बऱ्याचदा एकरकमी पैसे मिळायचे आणि हक्क जायचे, म्हणजे लेखक श्रीमंत झाला असं नाही. पण पुस्तक निघालं की इतक्या प्रती लायब्रऱ्या उचलणारच, हा भरवसा होता. त्या भरवशावर महिन्याला एक कादंबरी लिहिता यायची आणि या महिन्यात भूत, पुढच्या महिन्यात प्रेम असंही करता यायचं.

आता माझा हिशेब सांगते. अकाउंट्सवाली आहे, लपवत नाही.

काकांनी वाचलेली ती कादंबरी २४० पानांची. ५०० प्रती काढल्या. टायपिंग मीच केलं. संपादन, मुखपृष्ठ, मांडणी, छपाई, बांधणी मिळून खर्च ६२,०००. म्हणजे प्रतीमागे १२४ रुपये. किंमत ठेवली ३००. वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के घेतात, माझ्या हातात १६५ येतात. सगळ्याच्या सगळ्या ५०० प्रती वितरकामार्फत विकल्या तर मला साडेवीस हजार सुटतात. दीड वर्षाच्या मेहनतीचे.

विकल्या किती? दोन वर्षांत ३१०. त्यातल्या २२० वितरकाकडून आणि ९० मी स्वतः, २५० रुपयांना. एकूण झाले ५८,८००. त्यातले १४,००० वितरकाकडून अजून यायचेत, फोन केला की "पुढच्या महिन्यात ताई". बाकीच्या १९० प्रती दिवाणाखाली. पावसाळ्यात मी त्यांना प्लास्टिक गुंडाळते.

काकांच्या त्या तीन ग्रुपमध्ये मिळून किती माणसं असतील? मी विचारलं नाही.

काही गोष्टी आता सोप्या झाल्यात, हेही सांगायला हवं. आयएसबीएन ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. कमी प्रती छापता येतात. मोबाईलवर कथा वाचणारे हजारो आहेत; प्रतिलिपीवर मी माझी प्रेमकथा भागाभागाने टाकली, तेव्हा परभणी, बेळगाव, अगदी मस्कतहून मुलींचे मेसेज आले की पुढचा भाग कधी. म्हणजे वाचक नाही हे रडगाणं खोटं आहे. वाचक आहे. पुस्तक आणि त्याच्यामधला रस्ता मोडलाय.

रस्ता म्हणजे अक्षरशः रस्ता. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती, आता तर विचारूच नका. पण माझ्या घरापासून चालत जाऊन मराठी कादंबरी विकत घेता येईल असं दुकान मला आजवर सापडलेलं नाही. मी दादरला नाही तर ठाण्याला जाते. बरं, पोस्टाने पाठवावं, तर २०२४च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली. ती छोट्या प्रकाशकाची जीवनवाहिनी होती. पुढे २०२५च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, दर चांगला आहे. पण ती शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांसाठी, व्यावसायिक प्रकाशनं त्यात बसत नाहीत. आता माझी भुताची कादंबरी ज्ञान की धंदा? धंदा म्हणावं तर वर दिलेला हिशेब बघा.

करांचंही तसंच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे सगळे अभिमानाने सांगतात. पण कागदावर आहे, छपाईच्या कामावर आहे. आणि पुस्तकावर कर नसल्यामुळे मी आधी भरलेला कर मला वळता करून घेता येत नाही. तो मुकाट्याने त्या १२४ रुपयांत जाऊन बसतो.

राहता राहिली वाचनालयं. १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, राज्यात शासनमान्य वाचनालयं हजारोंनी आहेत. विचार करा, यांतल्या दर दहातल्या एकाने माझी एक प्रत घेतली असती तर मला दुसरी आवृत्ती काढावी लागली असती! तसं होत नाही, कारण वाचनालयाला मुळात अनुदान तुटपुंजं, त्यातून पगार, भाडं, वीजबिल. उरलेल्या पैशात जो जास्त सूट देईल त्याचा गठ्ठा घेतला जातो. मला एकदा सत्तर टक्के सूट मागितली गेली. ३०० ची कादंबरी ९० रुपयांत. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे मी खिशातून ३४ रुपये घालायचे आणि वर आभार मानायचे. दिल्या नाहीत. नंतर वाटलं, द्यायला हव्या होत्या का? तिथे कुणीतरी वाचल्या असत्या. या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आमच्या जमातीबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, नाही तर एकतर्फी होईल. स्वतः छापणाऱ्यांची पुस्तकं बऱ्याचदा कच्ची असतात. घाई असते, संपादक परवडत नाही, मित्र वाहवा करतात. माझ्या पहिल्या कादंबरीत पान ११२वर मेलेला मामा पान १६०वर चहा पितो. वाईच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला पोस्टकार्डं पाठवली, एक नाही, चार. शुद्धलेखनाच्या ४१ चुका पानांच्या आकड्यांसकट आणि शेवटी, "मामांची प्रकृती आता कशी आहे?" त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तेव्हापासून संपादकाचे पैसे आधी बाजूला काढते, मग मुखपृष्ठाचे. आणि नवोदितांकडून पन्नास-पन्नास हजार घेऊन 'लेखक व्हा' म्हणणारी जी पॅकेजं निघालीत, त्यांच्यापासून लांब राहा, एवढंच सांगेन. तिथे गिऱ्हाईक वाचक नसतो, लेखकच असतो.

मग एकच प्रकार धरून का नाही लिहीत? खरं कारण सांगू? मिठागरांवरची कादंबरी मला लिहायचीच होती. या गावाच्या नावातच खार आहे. आधी इथे वेगवेगळ्या ग्रामपंचायती होत्या, १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ला महापालिका. ट्रेनमधून अजूनही मिठाची पांढरी शेतं दिसतात, पण खाजण, बांध, भरतीचं पाणी अडवणारी उघाडी हे शब्द बोलणारी माणसं आमच्या आळीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरलीत. एका आगरी आजींकडे मी सात-आठ रविवार जाऊन बसले. ती कादंबरी सगळ्यात कमी खपली, ८३ प्रती. तिचा तोटा भरून काढला तो प्रेमकथेने. आणि ज्यांनी ती ८३ पुस्तकं घेतली, त्यांतले निम्मे तरी इन्स्पेक्टर बाईंचे वाचक होते, "तुमचं आहे ना, मग बघू" म्हणून घेणारे. मी फक्त रहस्य लिहिलं असतं तर मिठागर छापायला पैसे नसते. फक्त मिठागर लिहिलं असतं तर वाचक नसता. मोठं प्रकाशनगृह हे शंभर लेखकांमध्ये करतं, एकाचा तोटा दुसऱ्यावर. मी ते एकटीच करते, एवढाच फरक.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद झाला, पेढे वाटले. संशोधन होईल, जुने ग्रंथ येतील, व्हायलाच हवं. पण त्या दर्जाच्या चर्चेत मी अर्नाळकर हा शब्द ऐकला नाही. त्यांच्या हजारावर पुस्तकांचा पूर्ण संच कुठे एका जागी सापडेल का? रद्दीत गेलेल्या त्या पॉकेटबुकांमध्ये चाळीस-पन्नास वर्षांची बोलीभाषा आहे, मुंबईचे रस्ते आहेत, पोलीसचौकीची मराठी आहे. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, हे शब्द सामान्य माणसाला काही कोर्टात जाऊन कळले नाहीत. ताम्रपट जपणाऱ्यांनी हेही जपावं, वेळ फार नाही, तो कागद हातात तुटतो.

माझं मागणं लहान आहे. महापालिकेच्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत, या शहरात राहून लिहिणाऱ्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या निदान पाच प्रती घ्याव्यात. फुकट नको, भेट नको, छापील किमतीवर वाजवी सूट देऊन विकत. कुठला प्रकार, कुठला दर्जा ते समितीने नाही, वाचकाने ठरवावं: वर्षभरात जे पुस्तक कुणीच नेलं नाही, त्या लेखकाचं पुढचं घेऊ नका. माझंही नको. आणि पैसे तीन महिन्यांत द्या. मराठी पाट्यांवर जेवढं बोललं जातं, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात हे होईल. तसं पत्र लिहून मी सोमवारी दिलंय, आवक क्रमांक मिळालाय. उत्तर आलं की इथेच टाकते. भाईंदर, मीरा रोड, उत्तन, काशीमिऱ्यात कुणी लिहीत असेल, स्वतः छापत असेल, तर मला मेसेज करा. दुसऱ्या पत्रावर चार सह्या जास्त असलेल्या बऱ्या.

आणि हो, काका. हा वरचा हिशेब मी त्यांना जिन्यातच तोंडी सांगितला होता. गप्प झाले. मग म्हणाले, "मग आता ग्रुपवरून डिलीट करू का?" मी म्हटलं, आता कुठून कुठे गेली असेल, राहू द्या. परवा संध्याकाळी बेल वाजली. काका ३०० रुपये घेऊन उभे. मी २५० घेतले, घरच्या दरात. दिवाण उघडून इन्स्पेक्टरवाली काढायला लागले तर म्हणाले, "ती नको हो, ती वाचून झालीय. भुताची द्या."